सॉफ्टवेअरची गुणवत्ता आणि टेस्टरचे काम



आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की त्याने लेखाची सुरुवात करताना संकोच वाटतो. परंतु त्र्यंबकेश्वरसारख्या तालुक्याच्या गावीही आज सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांपैकी एकही काम संगणकावाचून होत नाही. पूर्वी कारकुनाची चूक झाली तर कारकुनाशी वाद घालता येत असे. निदान साहेबांकडे अर्ज तरी देता येई. आता सेवा केंद्राच्या खिडकीवरचा मुलगा मान वर न करता सांगतो, "सिस्टिम घेत नाही." ही सिस्टिम कोणाची, तिला काय घ्यायला शिकवले आणि काय घ्यायचे नाही असे कोणी ठरवले, हे त्या मुलालाही ठाऊक नसते. प्रस्तुत लेखाचा विषय या प्रश्नातूनच निघाला आहे.

संगणकाला काय करायचे ते सांगणारी जी आज्ञावली असते तिला सॉफ्टवेअर म्हणतात. ती लिहिणारा तो प्रोग्रॅमर, हे सर्वांना माहीत असते. ती तपासणारा जो असतो, त्याला टेस्टर म्हणतात. त्याच्याविषयी आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही, आणि बोलले गेले तर थोडे कमीपणानेच. आपल्या मुलामुलींपैकी कोणाला पुण्याला नोकरी लागली आणि ती टेस्टिंगमध्ये लागली, की घरी कळवताना तो जरा दबक्या आवाजात कळवतो. नातेवाईक विचारतात, "म्हणजे प्रोग्रॅमिंग नाही मिळालं का?" कामाकामांत उच्चनीच लावण्याची आपल्या देशाची सवय संगणकाच्या क्षेत्रातही शिरली आहे, एवढाच याचा अर्थ. टेस्टिंग हे काम नेमके काय आहे हे समजून घेतले तर ही दबकी मान ताठ व्हायला हरकत नाही.

सर्वसाधारण समज असा की प्रोग्रॅमर सॉफ्टवेअर लिहितो, ते पूर्ण झाले की टेस्टर चालवून पाहतो, आणि ठीक असल्यास शिक्का मारतो. हा समज अर्धाच खरा आहे. येवल्याच्या पैठणीचे उदाहरण घ्या. पदरावरचा मोर विणताना एक धागा चुकीचा गेला आणि तो वीतभर विणकाम झाल्यावर लक्षात आला, तर ती वीतभर वीण उसवावी लागते. साडी पूर्ण झाल्यावर लक्षात आला तर उसवण्याचीही सोय नाही. ती 'डागी' म्हणून कमी किमतीला जाते. शेवटी तपासणाऱ्याने कितीही बारकाईने पाहिले तरी त्याच्या पाहण्याने साडी सुधारत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी उद्योगांना गुणवत्तेचे शास्त्र शिकवणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्या चौदा सूत्रांपैकी तिसरे सूत्र हेच सांगते: गुणवत्तेसाठी अंतिम तपासणीवर विसंबू नका, ती आरंभापासून कामातच असू द्या. मग टेस्टरचे काम काय? माझ्या मते त्याचे मुख्य काम प्रश्न विचारण्याचे आहे, आणि ते पहिल्या दिवसापासून सुरू होते.

हे नीट समजावे म्हणून आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. समजा, या अर्जाचे सॉफ्टवेअर तयार करायचे आहे. प्रोग्रॅमर ही अट एका ओळीत लिहितो. पण ती दोन प्रकारे लिहिता येते: 'अडीच लाखांपेक्षा कमी असेल तर पात्र', किंवा 'अडीच लाखांपेक्षा कमी अथवा तितकेच असेल तर पात्र'. दोन्ही वाक्ये वाचताना सारखीच वाटतात. ज्यांचे उत्पन्न दीड लाख किंवा चार लाख आहे, त्यांच्या बाबतीत दोन्हींचे उत्तर सारखेच येते. फरक पडतो तो फक्त ज्याच्या दाखल्यावर बरोबर २,५०,००० लिहिले आहे त्याला. तो नियमाने पात्र आहे, पहिल्या प्रकारचे सॉफ्टवेअर मात्र त्याला अपात्र ठरवते. म्हणून टेस्टर दीड लाख टाकून पाहण्यात वेळ घालवत नाही. तो सीमेवर जाऊन उभा राहतो: २,४९,९९९ टाकतो, २,५०,००० टाकतो, २,५०,००१ टाकतो. चुका बहुधा सीमेवरच राहतात.

एवढ्यावर तो थांबत नाही. उत्पन्नाच्या जागी शून्य टाकले तर? रकाना कोराच ठेवला तर? मधे स्वल्पविराम दिला तर? इंग्रजी आकड्यांऐवजी दाखल्यावर जसे छापले आहे तसे मराठी आकडे टाकले तर? वडील हयात नसतील आणि उत्पन्नाचा दाखला आईच्या नावे असेल तर? आडनावच नसेल तर? नावात 'ऱ्या' किंवा 'ॲ' असेल आणि जुन्या संगणकावर ते अक्षर तुटत असेल तर? आषाढात त्र्यंबकला जो पाऊस पडतो त्यात अर्ज भरता भरता वीज गेली, तर भरलेला अर्धा अर्ज राहतो की पुसला जातो, आणि शुल्क भरल्यानंतर गेली तर ते दोनदा कापले जाते का? यांपैकी एकही प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याने हा अर्ज कधी खिडकीबाहेर रांगेत उभे राहून भरला आहे त्याला ते सुचतात.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अर्जात धर्म आणि जात असे दोन रकाने आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार आरंभी हिंदूंनाच या यादीत स्थान होते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला आणि बौद्धांचा समावेश केंद्रीय पातळीवर व्हायला १९९० साल उजाडले. धर्मांतरानंतर तब्बल चौतीस वर्षे आपल्या समाजाने त्यासाठी लढा दिला. समजा, एखाद्या प्रोग्रॅमरला हा इतिहास ठाऊक नाही. त्याच्या मनात काही दुष्टावा नाही. त्याने कुठल्या तरी जुन्या कागदावरून अट लिहिली, की धर्म हिंदू किंवा शीख असेल तरच अनुसूचित जातीचा रकाना उघडेल. सॉफ्टवेअर सुरळीत चालेल. आकडे बरोबर येतील. आणि 'बौद्ध' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पडदा सांगेल, की आपण पात्र नाही. चौतीस वर्षांच्या लढ्याने मिळालेला हक्क एका ओळीत नाहीसा होईल, आणि खिडकीवरचा मुलगा म्हणेल, "सिस्टिम घेत नाही."

ही चूक प्रोग्रॅम चालवून पाहताना सापडेल का? टेस्टरला १९९० ची दुरुस्ती माहीत असेल तरच सापडेल. आणि ती सापडण्याची उत्तम वेळ कोणती? एकही ओळ लिहिली जाण्यापूर्वी, नियमांचा कागद टेबलावर असताना. त्या बैठकीत कोणीतरी विचारले पाहिजे, "बौद्ध अर्जदाराचे काय?" तो प्रश्न विचारणारा माणूस त्या खोलीत असणे, याला गुणवत्ता आरंभापासून कामात असणे म्हणतात. आपली मुले या क्षेत्रात असावीत असे मी म्हणतो ते केवळ पगारासाठी नव्हे.

टेस्टिंगच्या शास्त्रात दोन वेगळे प्रश्न मानतात. पहिला: जसे सांगितले होते तसे झाले का? दुसरा: जे झाले ते ज्याच्यासाठी केले त्याच्या उपयोगी पडते का? नवशिक्यांचा यात नेहमी गोंधळ होतो. पण याचे एक उत्तम उदाहरण आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दगडावर कोरलेले आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यवर्ष २४ मधील एक आज्ञा आहे. राजा आणि राजमाता यांच्या नावे ती गोवर्धन येथील श्यामक या अमात्याला दिलेली आहे. आशय असा, की त्रिरश्मी पर्वतावर राहणाऱ्या भिक्खूंना आम्ही पूर्वी कखडी गावातील शेत दान दिले होते. परंतु ते शेत कसले जात नाही आणि त्या गावात वस्तीही नाही. तरी नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन त्यांना देण्यात यावी. आज्ञा कोणी लिहिली व कोणी अमलात आणली याचीही नोंद शेवटी आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' होते. शेत द्यायला सांगितले, शेत दिले गेले, दप्तरात नोंद झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'नाही' होते, कारण ओसाड गावातल्या न कसलेल्या शेतातून भिक्खूंच्या पात्रात काही पडत नाही. कोणीतरी जाऊन पाहिले, किंवा भिक्खूंनी कळवले, आणि राजाने दप्तरापेक्षा शेताकडे पाहून आज्ञा बदलली. ज्याने ही बातमी वर पोचवली त्याचे नाव शिलालेखात नाही. टेस्टरचे नाव आजही कोठे छापले जात नाही.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर आपल्या काळातील एक मोठे उदाहरण पाहू. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारे संगणकात भरण्याचे काम अनेक वर्षे चालले, आणि नंतर ई-फेरफार ही प्रणाली आली. लाखो उतारे माणसांनी पाहून टंकलिखित केलेले; चुका होणारच. सॉफ्टवेअरमध्ये एक सोपी तपासणी घालता येते: गटातील सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज आणि गटाचे एकूण क्षेत्र जुळले पाहिजे. न जुळल्यास संगणक स्वतःच बोंब मारतो. परंतु 'कचरू' चे 'काशिनाथ' झाले, इतर हक्कातील कुळाचे नाव गळले, किंवा भोगवटादार वर्ग एकच्या जागी दोन पडला, तर बेरीज बिघडत नाही. संगणकाच्या दृष्टीने उतारा निर्दोष असतो.

म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात शासनाने गावोगावी चावडी वाचनाची मोहीम घेतली. तलाठ्याने संगणकीकृत सातबारे चावडीवर मोठ्याने वाचायचे आणि खातेदारांनी ऐकून हरकत घ्यायची. आलेल्या हरकतींवरून मूळ हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त्या करायच्या. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे देण्यास सुरुवात झाली. मला ही चावडी म्हणजे टेस्टिंगचा आपल्या मातीतला सर्वांत मोठा प्रयोग वाटतो. जी चूक यंत्राला दिसत नाही ती, ज्याची जमीन आहे त्याला एका ऐकण्यात कळते. यात एक उणीवही होती. जो त्या दिवशी चावडीवर हजर नव्हता, मजुरीला गेला होता किंवा मुंबईला होता, त्याचा उतारा कोण ऐकणार? आपल्या समाजातील ज्या कुटुंबांकडे महार वतनाच्या जमिनी होत्या, त्यांनी तर हे आवर्जून पाहावे. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याच्या कायद्यानंतर या जमिनी शर्तीवर परत मिळाल्या. त्यामुळे वर्गाच्या व इतर हक्काच्या रकान्यातील एका शब्दावर बरेच काही अवलंबून असते. लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली मागता येते. ज्यांनी अद्याप आपला उतारा संगणकावर पाहिलेला नाही त्यांनी तो काढून जुन्या हस्तलिखिताशेजारी ठेवून वाचावा.

त्याच २०१७ साली उलट उदाहरणही घडले. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी त्या संगणकाच्या पडद्यावर तपासाव्यात असे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. अभियांत्रिकी शाखेत ती आधीपासून वापरात होती. पण थोड्या उत्तरपत्रिकांवर चालणारी व्यवस्था एकाच वर्षी सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांवर चालेल का, हा प्रश्न वेगळा आहे. टेस्टिंगमध्ये त्याला भाराची चाचणी म्हणतात. साकवावरून एक माणूस गेला म्हणून वरातही जाईल असे नाही. ऐन हंगामात ही पद्धत लागू झाली, प्राध्यापकांना सरावाला पुरेसा अवधी मिळाला नाही, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण ज्या विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश हुकले त्यांचे वर्ष कोणी परत दिले नाही. एका शाखेने आधी करून पाहावे, मग दुसरीने, असे कोणी सुचवले असते आणि ते ऐकले गेले असते, तर एवढा प्रसंग आला नसता.

'ऐकले गेले असते तर' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. कारण दोष सापडणे आणि दोष मान्य होणे यांत मोठे अंतर असते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या, कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला आणि त्यांतील काही दगावले. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, पण उत्पादक कंपनीला तो बराच काळ पटत नव्हता, कारण त्यांच्याकडे तो पुन्हा घडवून दाखवता येत नव्हता. टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने मग यंत्रासमोर बसून तीच कळपट्टीवरची कृती पुन्हा पुन्हा केली. शेवटी उमगले, की टंकताना झालेली चूक झटपट दुरुस्त केली तरच घोटाळा होतो. सावकाश केली तर होत नाही. सरावलेला हातच तो दोष बाहेर काढत होता. ही चिकाटी म्हणजे टेस्टिंग. 'कधी कधी बंद पडते' असे सांगणे पुरेसे नाही. कधी, काय केल्यावर, किती वेळा, हे सांगता आले पाहिजे.

दोष कसा सांगावा याचे शिक्षण आपल्याला बाहेरून घ्यायची गरज नाही. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझा काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा आपल्याला तशी शंका असेल, तर अनुकंपेने सांगा, म्हणजे मी तो सुधारीन. आणि ही विनंती ज्येष्ठ भिक्खू प्रथम करतो, मग कनिष्ठ. तीन महिने पावसात एकत्र राहिलेल्या माणसांमध्ये मनात साचलेले काही राहू नये अशी ही योजना आहे. 'शंका असेल तरी सांगा' हा भाग मला विशेष वाटतो. पुष्कळ कचेऱ्यांत पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून टेस्टरचे तोंड बंद करतात.

दोष दाखवणाऱ्यानेही पाच गोष्टी सांभाळाव्यात असे विनयात सांगितले आहे. योग्य वेळी बोलावे, घडले तेच बोलावे, सौम्यपणे बोलावे, हिताचे असेल ते बोलावे आणि मैत्रीच्या चित्ताने बोलावे. चांगल्या टेस्टरची टिपणे नेमकी अशी असतात. 'तुझा प्रोग्रॅम रद्दी आहे' हे टिपण नव्हे. 'उत्पन्न २,५०,००० टाकले असता अर्ज अपात्र दाखवतो; नियमानुसार पात्र हवा' हे टिपण. पहिल्या वाक्याने भांडण होते, दुसऱ्याने दुरुस्ती. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात मी पहिल्या प्रकारची काही टिपणे लिहिली आहेत. बरोबर असूनही ती महिनाभर पडून राहिली. दोष खरा होता, भाषा खोटी ठरली. योग्य वेळेचेही तसेच. सॉफ्टवेअर सोमवारी लोकांसाठी खुले व्हायचे असताना शनिवारी रात्री सांगितलेला दोष कोणालाच नको असतो, म्हणून तो मंगळवारीच, काम सुरू असतानाच सापडावा यासाठी धडपडावे लागते.

मात्र मैत्री म्हणजे मिंधेपणा नव्हे. वरिष्ठ म्हणतात, "सध्या एवढे सोडून द्या." सोडायचे की नाही हा निर्णय पुष्कळदा टेस्टरच्या हाती नसतो, आणि नसावाही. पण दोष होता, तो अमुक तारखेला सांगितला, हे लिहून ठेवणे त्याच्या हाती असते. कालाम लोकांना तथागतांनी जी दृष्टी दिली, की केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, ती या कामात रोज लागते. प्रोग्रॅमर हुशार आहे म्हणून प्रोग्रॅम बरोबर, असे मानणारा टेस्टर होऊ शकत नाही. तद्वतच, मी तपासले म्हणजे आता दोष उरलाच नाही, असेही त्याने म्हणू नये. तपासणीने दोष आहेत हे दाखवता येते. नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असे डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच म्हणून ठेवले आहे.

अलीकडे विद्यार्थी विचारतात, की तपासणीसुद्धा यंत्रेच करू लागली, मग या क्षेत्रात येऊन काय उपयोग? तेच तेच तपासण्याचे काम यंत्रांकडे गेले आहे आणि ते जाणेच बरे. हजार वेळा तोच अर्ज भरणे हे माणसाचे काम नव्हे. त्यासाठी लागणारी प्रोग्रॅमिंगची विद्या टेस्टरलाही शिकावीच लागेल, हे मी स्पष्ट सांगतो. नुसत्या प्रमाणपत्राच्या वर्गाला पैसे भरून आता नोकरी लागत नाही. परंतु बौद्ध अर्जदाराचे काय, हे यंत्राला कोणीतरी आधी विचारायला सांगावे लागते.

सुरुवात कोठून करावी असे विचारणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना मी एक साधे काम सुचवतो. या वर्षी शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरताना तो जेथे अडेल तेथे चिडून उठू नका. वहीत लिहा: तारीख, वेळ, कोणत्या रकान्यात काय भरले, पडद्यावर कोणती अक्षरे उमटली, पुन्हा केल्यावर तसेच झाले का, आणि नियमाप्रमाणे काय व्हायला हवे होते. मोबाईलवर पडद्याचे छायाचित्र काढा. संस्थेच्या कार्यालयात अशा नोंदींसाठी एक वही ठेवावी आणि दर महिन्याला त्यांतील नोंदी एकत्र करून संबंधित कार्यालयाकडे लेखी पाठवाव्यात, त्याची पोच घ्यावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडत आहे. एकट्याची तक्रार 'तुमचेच काहीतरी चुकले असेल' म्हणून परत येते. एकाच रकान्यात अडलेल्या वीस मुलांच्या तारीखवार नोंदी तशा परत पाठवणे अवघड जाते.